स्टेजवर स्किट करताना आत काय चालू असतं?

प्रश्न एका एकांकिका करणाऱ्या मुलीचा आहे. कॉलेजात तीन वर्षं स्पर्धा गाजवल्या, आता एका स्किट शोच्या दौऱ्यासाठी तिची निवड झाली आहे. तिने विचारलंय, "दादा, समोर प्रेक्षक असताना स्किट करणं म्हणजे नेमकं काय असतं? नाटकापेक्षा वेगळं काय? आणि लाफ्टर आलाच नाही तर काय करायचं?" तिने दादा म्हटलंय, म्हणून मीही अगं-तुगं करूनच लिहितो. सोळा वर्षं मी हे काम करतोय. नाट्यगृहांत, टीव्हीच्या सेटवर, गणपतीच्या मांडवात, कारखान्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत. त्यातली बरीचशी वर्षं फीड देणारा, म्हणजे दुसऱ्याच्या विनोदी वाक्यासाठी जमीन तयार करणारा नट म्हणून गेली, त्यामुळे माझं उत्तर त्या जागेवरून आहे.

आधी वेळेचं बघू. दोन अंकी नाटकात प्रेक्षक पहिली दहा मिनिटं तुला उसनी देतो. खुर्चीत सावरून बसतो, नेपथ्य बघतो, शेजारच्याला काहीतरी सांगतो. स्किट आठ ते बारा मिनिटांत आटपायचं असतं. दिवे लागल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ही बाई कोण, घर कुणाचं आणि हिला हवंय काय, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला लागतं. एकांकिकेतून आलेली मुलं पात्र हळूहळू उलगडत नेतात आणि उलगडून होईपर्यंत दिवे विझून ब्लॅकआऊट होतो. तुझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यात हे होणार. घाबरू नकोस, दहा-पंधरा प्रयोगांत अंगवळणी पडतं.

आता फीडबद्दल. हा शब्द तालमीत तुझ्या कानावर रोज पडेल. विनोदी वाक्य एक जण घेतो, पण ते वाक्य यावं म्हणून जमीन दुसरा तयार करतो. हे आपल्याकडे टीव्हीने आणलेलं नाही. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी असते. तिच्यात सोंगाड्या आडवंतिडवं बोलतो आणि सरदार त्याला सरळ प्रश्न विचारत राहतो. लिहिलेली संहिता नसते. गावात काल काय झालं, पाटलाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, यावर दोघं जागच्या जागी उभं करतात. त्यात सरदाराने प्रश्न चुकीच्या क्षणी विचारला, तर सोंगाड्या कितीही गुणी असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. दादा कोंडक्यांनी 1965 पासून 'विच्छा माझी पुरी करा' या वसंत सबनीसांच्या वगनाट्यात हवालदार रंगवला. ते त्या दिवसाच्या घडामोडी घेऊन ऐन वेळी वाक्यं घालायचे, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्या प्रत्येक वेळी समोर उभ्या नटाला पुढचं वाक्य कुठून उचलायचं हे कळत होतं, म्हणूनच वग पुढे सरकत होता. त्या समोरच्या नटाबद्दल आपण फार कमी बोलतो. मला ते खटकतं.

तर आत काय चालू असतं? खरं सांगायचं तर, ऐकणं. स्वतःचं वाक्य म्हणत असताना कान प्रेक्षकांत असतात. लाफ्टर आला की ते प्रेक्षकांचं वाक्य समजायचं. ते संपू द्यायचं, पण पूर्ण संपू द्यायचं नाही. हसणं चढतं, माथ्यावर पोचतं आणि मग उतरायला लागतं. उतरून साधारण एक तृतीयांश उरलं की पुढचं वाक्य उचलायचं. माथ्यावर असताना बोललीस, तर मागच्यांना ऐकू येत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वाक्य चुकू नये म्हणून लोक पुढच्या वेळी हसू आवरून धरतात. तूच त्यांना न हसायला शिकवलेलं असतं. उलट हसणं पूर्ण विझेपर्यंत थांबलीस, तर सभागृह गार पडतं आणि पुढच्या पंचला, म्हणजे हशाच्या वाक्याला, चढ पहिल्यापासून चढावा लागतो. हे गणित तालमीत येत नाही, कारण तालमीत हसायला दिग्दर्शक आणि चहावाला एवढेच असतात.

एक प्रसंग जवळून सांगतो. आमचं एक स्किट होतं, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचं. मी मुलाचा बाप. मुलीची आत्या कांदेपोह्यांची बशी हातात देते आणि मी घास घेऊन म्हणतो, "पोहे कुणी केले?" त्यावर आत्याचं जे उत्तर होतं, त्यावर हमखास लाफ्टर यायचा. सुरुवातीचे काही प्रयोग प्रॉपर्टीवाला, म्हणजे स्टेजवरच्या वस्तू सांभाळणारा, खरे पोहे द्यायचा. दुपारी केलेले, रात्रीपर्यंत कोरडे ठक्क. एका प्रयोगात घास घशात अडकला. माझा प्रश्न दीड सेकंद उशिरा आला. आत्या करणारी बाई मुरलेली, ती थांबली. पण प्रेक्षकांनी माझ्याकडे बघितलं, माझा घसा बघितला, आणि तिच्या उत्तरावर जे हसू यायचं ते अर्ध्यावर आलं. दीड सेकंदाची किंमत मला त्या रात्री कळली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही केळ्याचे बारीक तुकडे हळदीच्या पाण्यातून काढून वर चार दाणे पोहे आणि कोथिंबीर घालायला लागलो. केळं चावावं लागत नाही, घशाखाली घसरतं. पहिल्या रांगेतूनही ते पोहेच दिसतात.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ही इंग्रजी कॉमेडी बघून शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. पंचचा शब्द मात्र शेवटी यायला हवा, कारण तो उच्चारला की लोक हसायला सुरुवात करतात आणि त्यानंतरचं सगळं वाया जातं. आता हे वाक्य बघ: "आमच्या सोसायटीत रात्री फक्त वॉचमनच गाढ झोपलेला असतो." व्याकरण चोख आहे, पण वॉचमन मध्येच येऊन गेला आणि 'झोपलेला असतो' हे शेपूट मागे लोंबत राहिलं. तेच असं म्हण: "आमच्या सोसायटीत रात्री गाढ झोपतो एकच माणूस. वॉचमन." बोलण्यातली मराठी हा उलटापालट करू देते. आपण घरी, नाक्यावर तसंच बोलतो. लेखकाने वाक्य पुस्तकी लिहिलं असेल तर तालमीतच त्याला विचारून बदलून घे. ऐन प्रयोगात स्वतःहून बदलू नकोस, कारण समोरच्या नटाचा क्यू, म्हणजे त्याने बोलायला लागायची खूण, बहुतेक वेळा तुझ्या शेवटच्या शब्दावर असतो.

जागेप्रमाणे सगळं बदलतं. बंदिस्त नाट्यगृहात, म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर किंवा पुण्याचं बालगंधर्व धर, हसणं गोळा होतं. पुढच्या रांगा हसतात, ते ऐकून मागच्या हसतात, मग बाल्कनीतून ते अंगावर येतं. ती लाट छातीवर जाणवते, आणि तिची सवय लागते हेही प्रामाणिकपणे सांगतो. उघड्या मैदानावर ते हसणं वर आभाळात निघून जातं. शिवाय आवाजाला वेळ लागतो. स्टेजजवळच्या स्पीकरपासून शंभर मीटर मागे बसलेल्या माणसापर्यंत तुझं वाक्य पोचायला सेकंदाचे तीन दशांश लागतात, आणि त्याचं हसणं तुझ्यापर्यंत परत यायला तेवढेच. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. नाट्यगृहाच्या चालीने मैदानात खेळलीस, तर तुला वाटेल लोक हसत नाहीयेत आणि तू घाई करशील. घाई केलीस की ते खरंच हसायचे थांबतील. मैदानात वाक्यं थोडी कमी, हालचाल मोठी, आणि प्रत्येक पंचनंतर मनात एक आकडा मोजायचा. माझं मत असं की नवीन नटाने आधी मैदानात शंभर प्रयोग करावेत. तिथे टिकलेल्याला नाट्यगृह सोपं जातं.

वाक्य विसरण्याची भीती तुझ्या प्रश्नात नाही, पण असणार. ब्लँक सगळे होतात. स्किटमध्ये अडचण वेगळी आहे, इथे पानं उडतात. एका तालुक्याच्या गावात, जत्रेच्या कार्यक्रमात, माझ्या सोबतच्या नटाने दुसऱ्या पानावरून थेट पाचव्यावर उडी मारली. दोन्हीकडे "अहो, पण मी काय म्हणतो" हेच वाक्य होतं, त्यामुळे त्याची जीभ पुढच्या रुळावर गेली. मधल्या पानांत एक फोन यायचा होता. त्या फोनवरच्या बातमीवर अख्खा शेवट उभा होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं तर त्याला उडी मारल्याचा पत्ताच नव्हता. अशा वेळी डोक्यात विचार येत नाहीत, फक्त एकच गोष्ट दिसते, की प्रेक्षकांना फोनची बातमी कळायलाच हवी. मी म्हणालो, "थांब, मघाशी तुझ्या मेव्हण्याचा फोन येणार होता ना? का आला नाही अजून?" साउंडला बसलेला मुलगा जागा होता. त्याने दोन सेकंदांत रिंग वाजवली. सोबतचा नट पाचव्या पानावरून तिसऱ्यावर परत आला आणि आम्ही पुढे गेलो. बाहेर कुणालाही काही कळलं नाही. त्या मुलाला मी विंगेत जाऊन मिठी मारली. म्हणून सांगतो, साउंड आणि लाइट करणाऱ्यांना नावाने ओळख. त्यांच्यासोबत जेव. तुझं पाठांतर संपतं तिथे ते असतात.

समोरच्याची वाक्यं पाठ कर. स्वतःची आपोआप होतात.

आता तुझा खरा प्रश्न. लाफ्टर आलाच नाही तर?

येत नाही. कधीकधी अख्ख्या स्किटला येत नाही. कारणं पुष्कळदा साधी असतात. जेवणाची वेळ झालेली असते, माईक खरखरत असतो, तुमच्या आधी कुणाचा तरी चाळीस मिनिटांचा सत्कार झालेला असतो. कधी पहिल्या रांगेत साहेबलोक बसलेले असतात आणि ते हसल्याशिवाय मागे कुणी हसत नाही. कंपन्यांच्या कार्यक्रमांत हे नेहमीचं आहे. अशा वेळी शरीर काय करतं ते सांगतो. कान तापतात, आवाज अर्ध्या पट्टीने वर जातो, हात मोठे हलायला लागतात. हशा ओढून आणावा असं वाटायला लागतं, आणि ओढतोय हे प्रेक्षकाला ताबडतोब दिसतं. मग तो अवघडतो. त्याला तुझी दया यायला लागते, आणि दया आलेला माणूस हसत नाही.

यावर मला एकच इलाज सापडला आहे. गोष्टीकडे परत जायचं. मुलाचा बाप हुंड्याऐवजी काहीतरी भलतंच मागतोय, तर त्याला ते खरोखर हवं असलं पाहिजे. हशा असो नसो, त्या मागणीसाठी भांडत राहायचं. लाफ्टरसाठी ठेवलेली जागा रिकामी सोडून उभं राहायचं नाही, पुढचं वाक्य लगेच उचलायचं, म्हणजे तिथे हसायचं होतं हे कुणाला कळतही नाही. पुष्कळदा सहाव्या-सातव्या मिनिटाला सभागृह उघडतं. नाहीच उघडलं, तरी लोकांनी एक नीट सांगितलेली गोष्ट बघितलेली असते. त्यात कमीपणा नाही.

टीव्हीचं थोडक्यात. आपल्याकडचे स्किटचे कार्यक्रम, म्हणजे 2014 साली सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' असो की 2018 मधली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', प्रेक्षक बसवून चित्रित होतात आणि नंतर दाखवले जातात. तांत्रिक अडचण आली तर पुन्हा घेता येतं. पण पंच एकदा ऐकलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा तसा हसत नाही, म्हणून सेटवर सगळे पहिलाच टेक शेवटचा समजून खेळतात. अमेरिकेतला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' मात्र 11 ऑक्टोबर 1975 पासून खरोखर थेट जातो, न्यू यॉर्कमधून, शनिवारी रात्री साडेअकराला. त्याच संध्याकाळी आठच्या सुमारास वेगळ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, गरजेपेक्षा जास्त स्किट्सची. त्यातली काही तिथेच गळतात, उरलेल्यांची वाक्यं शेवटच्या घटकेपर्यंत बदलत राहतात. म्हणून तिथले नट कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरून वाक्यं वाचतात. बारकाईने बघ, त्यांची नजर समोरच्या नटाच्या कानामागे गेलेली दिसते. त्यांच्या परिस्थितीत ते बरोबरच आहे. पण आपल्या पाठांतराच्या परंपरेत डोळ्यांत डोळे घालून खेळता येतं, ही आपली मोठी श्रीमंती आहे. ती सोडू नकोस.

विंगेतलं जग प्रेक्षकाला दिसत नाही, पण तुझा अर्धा जीव तिथेच जाईल. एका रात्रीत चार स्किट्स, म्हणजे कपड्यांचे कमीत कमी चार चेंज. केदार शिंदेंच्या 'सही रे सही' मध्ये भरत जाधव एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने दुसराच माणूस होऊन यायचे, तेव्हा लोक थक्क व्हायचे. त्या करामतीमागे विंगेत धावणारी माणसं होती. आमच्याकडे साडी शिवलेली असते, वरून वेलक्रो. ब्लाउज आधीच्या कपड्याच्या आत घातलेलं असतं. चपला ज्या दिशेने जायचं त्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या, कारण अंधारात त्या फिरवण्यात तीन सेकंद जातात. जमिनीवर रेडियमची पट्टी. आणि माईकचा डबा कमरेला नीट बांधलेला, नाहीतर पडापडीच्या स्किटमध्ये तोच आधी मोडतो. डोक्यावरून कपडा काढताना गालाला चिकटवलेली माईकची वायर ओढली जाते, म्हणून माईकवाला आधी मान हलवेल, मग कपडा काढायचा. ही शिस्त मोडू नकोस, घाई कितीही असो.

स्टेजवर हसू फुटण्याचा प्रश्नही येईल. टीव्हीमुळे लोकांना नट हसलेला आवडायला लागलाय. एखाद्या वेळी खरंच फुटलं तर ते गोड असतं. पण मुद्दाम हसणारे नट मी बघितले आहेत आणि मला ते आवडत नाही. ज्या पात्राचा जीव टांगणीला लागलाय ते हसतंय, म्हणजे गोष्ट खोटी आहे असं तूच सांगतेस. हसू यायला लागलं तर समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे बघ आणि गालाची आतली बाजू दातांत धर. मला तरी याचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मी सावळ्या रंगावरच्या वाक्यांचं एक स्किट करायचो. लाफ्टर हुकमी यायचा. एका प्रयोगात दुसऱ्या रांगेत एक मुलगी आई-वडिलांसोबत बसली होती. पहिल्या वाक्याला वडील हसले. दुसऱ्या वाक्याला त्यांनी मुलीकडे बघितलं. तिसऱ्याला तिने मान खाली घातली, आणि स्किट संपेपर्यंत ती वर केली नाही. बाकी सातशे माणसं हसत होती आणि मला फक्त ती मान दिसत होती. नाट्यगृहात पुढच्या चार-पाच रांगा आपल्याला स्वच्छ दिसतात, हे लक्षात ठेव. ते स्किट मी सोडलं. लेखकाशी वाद झाला, एक महिना कामही कमी मिळालं. बोलीभाषेबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. मालवणी, वऱ्हाडी, आगरी, अहिराणी बोलणारं पात्र जरूर कर, पण त्या माणसाला काहीतरी हवं असू दे, त्याची अक्कल त्याच्याकडेच असू दे. नुसत्या हेलावर हशा घेतलास तर नागपूर-अमरावतीच्या प्रयोगाला तिथले लोक शांत बसतात. त्यांना आपली बोली आणि तिची नक्कल यातला फरक पहिल्या वाक्याला कळतो.

प्रयोग संपल्यावर झोप येत नाही. रंग पुसून, नाइट म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन घेऊन, गाडीत बसून दोन वाजता कुठल्यातरी ढाब्यावर पिठलं-भाकरी मागवलेली असते आणि सगळे एकाच वाक्याबद्दल बोलत असतात, आज ते का पडलं आणि काल का उचललं गेलं. ती चर्चा चुकवू नकोस. झोपेचं सोंग घेऊन मागच्या सीटवर पडून राहिलेले नट तीन वर्षांनीही तिथेच असतात.

पहिला प्रयोग कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. नाट्यगृह असेल तर दुपारीच पोच, सोबतच्या नटाला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसव आणि तुझं पहिलं वाक्य त्याला म्हणून दाखव. मैदान असेल तर शेवटची खुर्ची कुठे लागणार आहे तिथपर्यंत स्वतः चालत जाऊन ये. आणि स्किटमध्ये खाण्याचं काही असेल तर प्रॉपर्टीवाल्याकडून आदल्या दिवशीच मागून घे, आणि ते तोंडात असताना तुझं वाक्य मोठ्याने म्हणून बघ.